लाखाचे स्पीकर पारखायचे कसे?

परळ-लालबागच्या नव्या इमारतींमध्ये राहायला गेलेल्या संगीतप्रेमी घरांतून एक तक्रार हमखास ऐकू येते. दीड-दोन लाखांची तयारी होती, दुकानात जाऊन चार जोड्या ऐकल्या, सगळ्याच चांगल्या वाटल्या. त्यातली एक घरी आणली, तर डग्गा नुसता घुमतो आणि गायकाचे शब्द त्यात बुडतात. दुकानातला तो आवाज कुठे गेला, हे काही केल्या कळत नाही.

हा आपल्या कानाचा दोष नाही. दादरच्या दुकानात दोन साड्या शेजारी उलगडता येतात, दारापाशी उजेडात नेता येतात, पुन्हा पहिलीवरून नजर फिरवता येते. आवाजाचं तसं होत नाही. एक स्पीकर थांबला की त्याची फक्त आठवण उरते, आणि आवाजातले बारकावे आठवणीत काही सेकंदच टिकतात. तेवढ्यात दुसरा स्पीकर किंचित जोरात वाजला, किंवा नुसता दिसायला भारदस्त असला, तरी मन तिकडे झुकतं. महागड्या स्पीकरची खरी तुलना आपोआप होत नाही, ती जमवून आणावी लागते. कशी, ते क्रमाने पाहू.

पहिलं काम घरातच आहे. मोजपट्टी घेऊन हॉलची लांबी, रुंदी आणि उंची फुटांत लिहून काढावी. दुकानाची पायरी चढण्याआधी हे तीन आकडे खिशात असलेच पाहिजेत, कारण आपण जे ऐकणार त्यात खोलीचा वाटा फार मोठा असतो.

तो कसा, ते बघा. ध्वनी हवेतून सेकंदाला साधारण 1130 फूट जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये काही ठरावीक स्वर अडकतात. त्यांची लहर भिंतीवर आपटून परत येते आणि येणाऱ्या लहरीत मिसळून तो स्वर फुगवते. याला स्थिर लहर म्हणतात. त्यातला सर्वांत खालचा स्वर काढायला 565 या आकड्याला भिंतींमधल्या अंतराने भागायचं. उत्तर हर्ट्झमध्ये येतं. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं.

समजा हॉल 10 बाय 15 फुटांचा आहे. 10 फुटांचे 56 हर्ट्झ, 15 फुटांचे 38 हर्ट्झ. छत 9 फुटांवर असेल तर त्याचे 63. या प्रत्येकाची दुप्पट, तिप्पटही खोलीत घुमते. 56 ची दुप्पट आणि 38 ची तिप्पट जवळजवळ एकाच जागी, 113 हर्ट्झच्या आसपास येते. म्हणजे या हॉलमध्ये 113 च्या जवळचा स्वर दोन्ही बाजूंनी फुगणार. स्पीकर कितीही नामवंत असो.

हे आकडे कोरडे वाटत असतील तर तंबोरा आठवा. पांढरी सहा पट्टीत गाणाऱ्या गायिकेच्या तंबोऱ्याचा खर्ज 110 हर्ट्झवर असतो, म्हणजे बरोबर त्या फुगवट्यात. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा खर्ज 69 च्या आसपास, आणि 8 फूट रुंदीच्या खोलीचा स्वतःचा स्वर येतो 71 हर्ट्झ. तिथे तो खर्ज गायकाच्या अंगावर येणार.

सर्वांत अवघड खोली चौरस. लांबी-रुंदी सारखी असली की दोन्ही जोड्यांतल्या भिंती एकच स्वर फुगवतात. गिरणगावातली दहा बाय दहाची खोली त्यामुळेच मोठ्या स्पीकरला मानवत नाही. तिथे राहणाऱ्यांनी निराश व्हायचं कारण नाही, मात्र छोटा स्पीकर निवडावा आणि जवळ बसून ऐकावं.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यावर उभ्या आहेत. साधारण 200 ते 300 हर्ट्झच्या खाली जे ऐकू येतं, त्यावर खोलीची सत्ता असते. त्याच्या वरचं बव्हंशी स्पीकरचं असतं. म्हणून गळ्याचा, सारंगीचा, झांजेचा आवाज दुकानात पारखता येतो. डग्ग्याचा, पखवाजाचा आणि ढोलाचा निकाल आपल्या घरीच लागतो. दुकानातल्या बासवर भाळून घेतलेला स्पीकर घरी आल्यावर परका वाटतो, तो यामुळेच.

मोजमाप झालं की हॉलच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवावी. मागून झर्रकन थरथरता आवाज आला तर भिंती उघड्या आहेत, असं समजावं. नव्या इमारतींत खाली गुळगुळीत टाइल्स, एका बाजूला सरकत्या काचा, समोर टीव्हीचा पॅनल असतो. आवाज शोषणारं काहीच नसतं. जाड पडदा, एक सतरंजी किंवा गालिचा आणि पुस्तकांनी भरलेलं कपाट यांनी जो फरक पडतो, तो कधीकधी लाखभर रुपये जास्त मोजूनही पडत नाही. हे आधी करून मगच स्पीकर ऐकायला निघावं.

पुढे बसायची जागा. सोफा आणि स्पीकर यांच्यात किती अंतर राहील? स्पीकर मागच्या भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे आणता येतील का, की कपाटाला चिकटूनच राहतील? भिंतीजवळ खालचे स्वर वाढतात, कोपऱ्यात त्याहून जास्त. चिकटूनच ठेवायचे असतील तर जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर घेण्यात बहुधा तोटाच आहे.

आणि शेजारी. आपली भिंत त्यांचीही भिंत असते. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 10 नंतर 45 डेसिबलची मर्यादा आहे. डेसिबल म्हणजे आवाजाची पातळी मोजायचं माप. खालचे स्वर भिंतीतून सहज पलीकडे जातात. आपण रात्री हळू आवाजातच ऐकणार असू, तर तुलनासुद्धा त्याच आवाजात करावी. याला शास्त्रीय कारण आहे. आवाज कमी केला की खालचे स्वर कानाला इतर स्वरांपेक्षा जास्त प्रमाणात कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्येच हे मोजून दाखवलं. दुकानात दणदणीत वाजलेला स्पीकर रात्री हळू आवाजात पोकळ वाटतो तो यामुळे.

आता माहितीपत्रक वाचू. त्यातला सर्वांत ठळक आकडा बहुधा सर्वांत निरुपयोगी असतो: ‘35 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ’. या पट्ट्यात आवाज किती डेसिबलने वरखाली होतो, हे सोबत दिलेलं नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. ‘अधिक-उणे 3 डेसिबल’ असं काही लिहिलेलं असेल, तरच तो दुसऱ्या स्पीकरच्या आकड्याशी ताडून बघावा.

दुसरा आकडा संवेदनशीलता. ठरावीक वीज दिल्यावर, साधारण एक वॅटला, एक मीटरवर किती डेसिबल आवाज निघतो ते माप. तो बहुधा 83 ते 92 च्या दरम्यान असतो. 3 डेसिबलचा फरक म्हणजे तितक्याच आवाजासाठी अँप्लिफायरला दुप्पट वीज द्यावी लागणार. 87 डेसिबलच्या जोडीला घरच्या हॉलमध्ये 8-9 फुटांवर एक वॅटसुद्धा बोलण्याच्या वर आवाज द्यायला पुरतो. पण तबल्याची थाप क्षणभर सरासरीच्या कितीतरी वर उडी घेते, म्हणून 50 ते 100 वॅटची सोय ठेवलेली बरी. त्याहून जास्त वॅटच्या मागे लागायची हॉलमध्ये गरज नसते.

माहितीपत्रकापेक्षा भरवशाची गोष्ट म्हणजे स्वतंत्र मोजमापाचे आलेख. कॅनडातल्या ओटावा इथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी स्पीकर न दाखवता लोकांना ऐकवले आणि त्याच स्पीकरची प्रयोगशाळेत मोजणी केली. 1985 आणि 1986 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांतून एक सरळ गोष्ट पुढे आली. स्पीकर दिसत नसेल, तर बहुतेक माणसांची आवड एकमेकांशी जुळते. समोरून सपाट आणि बाजूंनीही गुळगुळीत आवाज देणारा स्पीकर त्यांना आवडतो.

बाजूचा आवाज का महत्त्वाचा? 10 फूट रुंद हॉलमध्ये स्पीकर बाजूच्या भिंतीपासून जेमतेम दोन फुटांवर असतो. आपल्या कानावर थेट येणाऱ्या आवाजापाठोपाठ त्या भिंतीवरून परतलेला आवाजही येतो. स्पीकरचा बाजूचा आवाज वेगळ्या चालीचा असेल, तर ऐकणाऱ्याला एकाच गायकाचे दोन गळे मिसळल्यासारखं होतं.

टूल यांच्या कामातून पुढे मोजणीची एक प्रमाण पद्धत तयार झाली. अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या संघटनेने ती 2013 मध्ये स्वीकारली. तिच्यात स्पीकर आडवा आणि उभा दर 10 अंशांनी फिरवत 70 ठिकाणचा आवाज मोजतात. त्या आलेखांना स्पिनोरामा म्हणतात. आपल्या मनात असलेल्या मॉडेलचा स्पिनोरामा मिळाला तर समोरच्या आवाजाची रेघ बघावी. ती साधारण सपाट हवी. बाजूच्या आवाजाची रेघ उंच स्वरांकडे हळूहळू, न अडखळता उतरायला हवी. मध्येच खड्डा किंवा टेकडी दिसली तर कारण विचारावं. यातून दहा नावांची तीन नावं होतात. त्या तीन नावांत किमान एक आपल्या बजेटच्या बरंच खालचं असू द्यावं, कारण किंमत आणि मोजमाप हातात हात घालून चालतातच असं नाही.

दुकानात जाण्याआधीचं शेवटचं काम आनंदाचं आहे. माइकशिवायचं गाणं ऐकून यावं. आपल्यातल्या अनेकांनी आवडत्या गायकांना सभागृहातल्या लाउडस्पीकरमधूनच ऐकलेलं असतं, त्यामुळे खरा तंबोरा कसा वाजतो हे कानाला माहीतच नसतं. घरगुती बैठकीत, गायन वर्गात, भजनाला जाऊन बसावं. नरिमन पॉइंटला एनसीपीएचं टाटा थिएटर 1980 मध्ये उघडलं, ते ध्वनितज्ज्ञ सिरिल हॅरिस यांनी विनामाइक ऐकू यावं अशाच बेताने आखलेलं आहे. तिथे माइक नसलेला कार्यक्रम मिळाला तर सोडू नये. जवारी नीट लागलेल्या तंबोऱ्याचा झंकार एकदा कानात बसला, की स्पीकरमधला खोटा चकचकीतपणा पटकन उघडा पडतो.

आता सोबत न्यायची गाणी. दुकानदार बहुधा त्याची ठेवणीतली ध्वनिमुद्रणं लावतो. ती प्रत्येक स्पीकरवर छानच वाजतात. आपली पाच-सहा गाणी आपणच न्यावीत, आणि ती पूर्ण दर्जाच्या फाइलमध्ये. ब्लूटूथवरून लावू नयेत.

गाणी निवडताना आणखी एक अडचण समजून घ्यायला हवी. ध्वनिमुद्रण करणाऱ्यानेही ते कुठल्यातरी स्पीकरवर, कुठल्यातरी खोलीत ऐकूनच पक्कं केलेलं असतं. याचं उदाहरण आपल्या परळमध्येच आहे. व्ही. शांतारामांनी 1942 मध्ये इथे राजकमल कलामंदिर उभारलं. तिथल्या ध्वनिमिश्रणाच्या थिएटरात बसून मंगेश देसाईंनी ‘शोले’सह कितीतरी हिंदी चित्रपटांच्या आवाजाला अखेरचा हात फिरवला. संवाद किती पुढे, बासरी किती मागे, पावलांचा आवाज किती, हे सगळं त्या एका खोलीत, तिथल्या पडद्यामागच्या स्पीकरवर ऐकून ठरत होतं. ती खोली आणि ते स्पीकर निराळे असते, तर मिश्रणही थोडं निराळं झालं असतं. म्हणजे ज्या ध्वनिमुद्रणाने आपण स्पीकर तपासतो, ते स्वतःच दुसऱ्या स्पीकरवर तपासलेलं असतं. टूल यांनी या चक्राला गोंधळाचं वर्तुळ म्हटलं आहे. यातून सुटायचा सोपा उपाय असा की एकाच गाण्यावरून निकाल देऊ नये. एक गाणं सगळ्या स्पीकरवर कर्कश वाटलं तर दोष गाण्याचा. सगळी गाणी एकाच स्पीकरवर कर्कश वाटली तर दोष त्या स्पीकरचा.

माझी निवड अशी असते. किशोरीताई आमोणकरांचं किंवा मालिनीताई राजूरकरांचं एखादं ध्वनिमुद्रण, ज्यात सुरुवातीला तंबोरे एकटेच वाजतात. एकल तबला. ढोलकी आणि टाळ असलेलं काहीतरी. भरगच्च वाद्यमेळाचं एक चित्रपटगीत. आणि गीतरामायणातलं एक गाणं. 1955-56 मध्ये पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झालेली ही मालिका त्या काळच्या रीतीप्रमाणे मोनो, म्हणजे एकाच वाहिनीतली. जोडीवर मोनो गाणं लावलं की बाबूजींचा, म्हणजे सुधीर फडक्यांचा, आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध, एका बिंदूतून यायला हवा. तो पसरला किंवा एका बाजूला सरकला, तर मांडणी चुकली आहे, नाहीतर जोडीतले दोन स्पीकर एकमेकांशी जुळत नाहीत.

इतकी तयारी झाली की दुकान. लॅमिंग्टन रोडवर केबल, सुटे भाग, अँप्लिफायर यांची दुकानं दाटीवाटीने आहेत, पण लाखांतले स्पीकर बहुधा वेळ ठरवून, बंद खोलीत ऐकवतात. एकेका ब्रँडची विक्री एकेका वितरकाकडे असते, म्हणून आपल्याला हवे असलेले दोन स्पीकर एकाच छताखाली क्वचितच सापडतात. फोनवर आधीच विचारावं: ही दोन मॉडेलं शेजारी ठेवून ऐकवाल का? आणि दोन्ही एकाच अँप्लिफायरवर? शनिवार-रविवारची संध्याकाळ टाळावी, गर्दीत शांतपणे ऐकणं होत नाही.

ऐकण्याच्या खोलीत शिरल्यावर आधी इकडेतिकडे बघावं. जाड गालिचा, पडदे, भिंतींवर फोमचे तक्ते, आपल्या हॉलच्या दीडपट जागा. हे काही घरी येणार नाही. शिवाय खोलीत सहा जोड्या ओळीने मांडलेल्या असतात, एक भिंतीला लागून, एक मधोमध. त्यामुळे एक स्पीकर दुसऱ्यापेक्षा वेगळा वाटला, तर तो फरक स्पीकरचा की जागेचा, हे सांगता येत नाही. ज्या दोघांची तुलना करायची, ते शेजारी-शेजारी, भिंतीपासून सारख्या अंतरावर आणि तोंड आपल्याकडे करून ठेवून मागावेत. विनंती नम्रपणे केली तर बहुतेक दुकानदार ऐकतात.

यासाठी दोन जोड्या हलवायची गरज नाही. या जोडीतला एक आणि त्या जोडीतला एक, असे दोनच स्पीकर पुरतात. एकाच स्पीकरवर मोनो ऐकताना दोष जास्त चटकन कळतात, स्टिरिओत ते झाकले जातात, हे टूल यांच्याच प्रयोगांत दिसलं होतं. जोडीने ऐकण्याचं सुख घरच्या चाचणीत घेऊच.

आता सर्वांत महत्त्वाची पायरी, आणि नेमकी हीच सगळे विसरतात. दोन्ही स्पीकरचा आवाज सारखा करून घेणे. एक डेसिबल इतकाही फरक असला तरी कानाला जोरात वाजणारा स्पीकर ‘जास्त जोरात’ असा वाटत नाही. तो जास्त स्पष्ट, जास्त भरलेला, जास्त जिवंत वाटतो. दुकानात बटण एकदा लावून ठेवतात आणि फक्त स्पीकर बदलतात. एकाची संवेदनशीलता 84 आणि दुसऱ्याची 89 असेल, तर दुसरा पाच डेसिबलने चढाच वाजणार. निकाल ऐकण्याआधीच लागला.

उपाय खर्चाचा नाही. फोनवर आवाज मोजणारं एखादं अ‍ॅप घ्यावं आणि सोबत पिंक नॉइजची फाइल न्यावी. पिंक नॉइज म्हणजे सर्व सप्तकांत सारखी ऊर्जा असलेला सलग ‘श्श’ असा आवाज. आपण बसणार तिथे कानाच्या उंचीवर फोन धरायचा, पहिल्या स्पीकरवर तो आवाज लावून आकडा बघायचा, दुसऱ्यावर तोच आकडा येईपर्यंत बटण फिरवायचं. फोनचा आकडा खराच असेल असं नाही, पण दोन मापांतला फरक तो बऱ्यापैकी दाखवतो, आणि आपल्याला तेवढंच हवं असतं. अर्ध्या डेसिबलच्या आत दोन्ही आले की बटणाच्या त्या दोन्ही जागा कागदावर लिहून ठेवाव्यात.

त्यानंतर डोळ्यांचा बंदोबस्त. 1994 मध्ये शॉन ऑलिव्ह यांनी हार्मन या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीच्याच 40 कर्मचाऱ्यांना चार स्पीकर ऐकवले, एकदा पडद्याआड आणि एकदा समोर ठेवून. समोर दिसत असताना मोठ्या, महागड्या स्पीकरला भरघोस गुण मिळाले आणि छोट्या, स्वस्त संचाला कमी. पडदा आला तेव्हा ती दरी बरीच आटली. रोज आवाजाचं काम करणाऱ्या माणसांच्या बाबतीत हे घडलं. तेव्हा ‘मला नावाचं आकर्षण नाही’ असं कोणीही छातीठोकपणे म्हणू नये. घरातल्या कोणालातरी सोबत न्यावं. आपण डोळे मिटून किंवा पाठ फिरवून बसावं, त्यांनी न सांगता स्पीकर बदलावा, आपण फक्त ‘पहिला’, ‘दुसरा’ असं लिहावं.

एका वेळी पंधरा-वीस सेकंदांचाच तुकडा ऐकावा आणि लगेच तोच तुकडा दुसऱ्यावर. अख्खं गाणं एका स्पीकरवर, मग चहा, मग अख्खं गाणं दुसऱ्यावर, असं केलं तर तुलना आठवणीशी होते. काय ऐकायचं ते आधी ठरवावं. ‘स’ आणि ‘श’ टोचतात का? गायिकेचा आवाज नाकातून येतोय असं वाटतं का? तंबोऱ्याच्या चार तारा वेगळ्या कळतात की एकच गुणगुण होते? टाळ किणकिणतात की पत्रा वाजल्यासारखे वाटतात? हे सगळं वरच्या स्वरांचं आहे आणि ते दुकानात विश्वासाने ठरवता येतं.

हवे असलेले दोन स्पीकर दोन वेगवेगळ्या दुकानांत असतील, आणि मुंबईत ते असतातच, तर थेट तुलना होऊ शकत नाही. अशा वेळी एक युक्ती उपयोगी पडते. स्वतःचा रोजचा हेडफोन दोन्हीकडे न्यावा. आधी हेडफोनवर तुकडा ऐकायचा, लगेच स्पीकरवर. हेडफोनपेक्षा आवाज उजळ वाटला की मंद, गळा पुढे आला की मागे, हे लिहायचं. दुसऱ्या दुकानातही तेच. हेडफोनचा अनुभव स्पीकरसारखा नसतो, पण तो दोन्हीकडे तोच राहतो, त्यामुळे दोन टिपणं एकमेकांशेजारी ठेवता येतात.

उत्साहात निर्णय घ्यायचा मोह इथेच होतो. उंच स्वर थोडे चढवलेला स्पीकर पहिली पाच मिनिटं इतरांपेक्षा सरस वाटतो आणि तासाभराने डोकं चढवतो. शेवटच्या दोन नावांना प्रत्येकी निदान तासभर द्यावा. ‘शंभर तास वाजले की मोकळा होईल’ असं सांगितलं, तर त्यावर विसंबू नये. नव्या स्पीकरमध्ये मोजता येणारे बदल बहुधा किरकोळ असतात, बाकीचा बदल कान सरावल्याचा असतो. आज खटकणारी गोष्ट जमेला धरूनच निर्णय घ्यावा.

मग घरची चाचणी. माझ्या मते ही पायरी वगळून लाखाचा स्पीकर घेऊच नये. अनामत देऊन दोन-चार दिवसांसाठी जोडी घरी मागावी, आणि परत घ्यायच्या अटी लेखी घ्याव्यात: अनामत किती दिवसांत परत मिळेल, ने-आण कोणाकडे, ओरखडा पडला तर काय. जोडी आल्या आल्या अनुक्रमांकांचे फोटो काढावेत, खोके आणि थर्माकोल जपून ठेवावं.

घरी पहिली चाचणी डग्ग्याची. एकल तबल्यात वादक हाताची टाच दाबत ‘घे’ वाजवतो तेव्हा स्वर खालून वर सरकतो, तो घिस्सा. तो नीट ऐकावा. सरकताना आवाज सारखा राहिला तर खोली साथ देते आहे. मध्येच एखाद्या जागी तो एकदम फुगला आणि पुढे पुन्हा बारीक झाला, तर तोच खोलीचा अडकलेला स्वर. सुरुवातीला काढलेल्या आकड्यांपैकी एखादा तिथे सापडेल.

असं झालं तर लगेच स्पीकर परत करू नयेत. आधी सोफा मागच्या भिंतीपासून फूटभर तरी पुढे घ्यावा, कारण भिंतीलगत खालचे स्वर सर्वांत जास्त साचतात. मग स्पीकर थोडे पुढे-मागे सरकवावेत. जागा सापडत नसेल तर उलटं करावं. एक स्पीकर सोफ्यावर आपल्या डोक्याच्या जागी ठेवून तबला लावायचा आणि आपण भिंतीकडेने हळूहळू फिरायचं. जिथे डग्गा एकसारखा ऐकू येतो, ती स्पीकरची जागा. स्पीकरच्या मागे भोक, म्हणजे पोर्ट, असेल आणि सोबत फोमचं बूच आलेलं असेल तर ते लावूनही ऐकावं. मोजून आवाज दुरुस्त करणारी यंत्रणा अँप्लिफायरमध्ये असल्यास तीही वापरावी. मात्र ती फुगलेला स्वर खाली आणू शकते, एखाद्या जागी खोलीने गिळलेला स्वर परत देऊ शकत नाही. त्याला जागा बदलणं हाच उपाय.

चाचणी दिवसा आणि रात्री, दोन्ही वेळी करावी. पूल, लोकल, खालचं बांधकाम यांच्या आवाजात दिवसा झाकलेलं रात्री अकरानंतर ऐकू येतं. शेजाऱ्यांनाही त्या दिवसांत एकदा विचारून घ्यावं.

पसंती झालीच तर बिल भारतातल्या अधिकृत वितरकाचंच असावं. बाहेरून आणलेल्या स्वस्त जोडीला इथे वॉरंटी मिळेलच असं नाही, आणि कोन, म्हणजे स्पीकरचा थरथरणारा पडदा, फाटला तर तोच सुटा भाग मिळणं कठीण. देशी नावांनाही ऐकण्याची संधी द्यावी. कोलकात्याची सोनोडाइन 1970 पासून या व्यवसायात आहे, आणि दुरुस्ती देशात होणं ही छोटी सोय नाही.

परळमधल्या 10 बाय 15 च्या हॉलसाठी माझं मत विचाराल, तर स्टँडवर ठेवायची, चांगल्या मोजमापाची छोटी जोडी घ्यावी आणि उंच, जड जोडीसाठी राखलेल्या पैशांतला काही भाग पडदे, गालिचा आणि मजबूत स्टँडवर खर्च करावा. आणि दुकानदाराला पहिल्याच फोनवर विचारावं, ‘घरी ऐकायला द्याल का?’ उत्तर नाही असं आलं, तर तिथे जोडी कितीही आवडली तरी पैसे देऊ नका, दुसरं दुकान बघा.